घटस्फोटानंतरचा दहा आठवड्यांचा आधारगट : पाच महिन्यांनी लिहिलेला अभिप्राय

मी फिजिओथेरपिस्ट आहे. उपचार संपतात त्या दिवशी पेशंटला बरं वाटतंच. रोज कोणीतरी विचारपूस करत असतं, व्यायाम करून घेत असतं. खरं काय ते तीन-चार महिन्यांनी कळतं, तो एकटा जिना चढायला लागतो तेव्हा. म्हणून या गटाबद्दल मी लगेच काही लिहिलं नाही. शेवटचं सत्र होऊन आता पाच महिने झाले.

आधी माझ्याबद्दल थोडं सांगते, म्हणजे हे कोण लिहितंय ते कळेल. लग्न चौदा वर्षांचं. घटस्फोट मी मागितला. मारहाण नव्हती, तिसरं माणूस नव्हतं. बोलणं आटत गेलं आणि घरात फक्त वेळापत्रक उरलं. मुलगी अकरा वर्षांची, एक आठवडा माझ्याकडे, एक त्याच्याकडे. निर्णय माझा होता म्हणून सगळ्यांनी धरून चाललं की मला दुःख नसणार. मीही तसंच धरून चालले. मग एके दिवशी, पक्षाघातानंतर सात महिने कोणाच्या ना कोणाच्या आधारानेच उभे राहणारे एक आजोबा वॉकर सोडून चार पावलं चालले, आणि माझा हात फोनकडे गेला. हे त्याला सांगायचं होतं. नंबर समोर दिसला तेव्हा भानावर आले. त्याच संध्याकाळी मी या गटात नाव नोंदवलं.

गट ऑनलाइन होता. आठवड्यातून एकदा दोन तास, दहा आठवडे, आम्ही नऊजण. चालवणाऱ्या दोघी, एक क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आणि दुसऱ्या समुपदेशक, ज्यांच्या स्वतःच्या घटस्फोटाला बारा वर्षं झाली होती. आम्ही त्यांना मोठ्या मॅडम आणि धाकट्या मॅडम म्हणायचो. दहा आठवड्यांच्या वर्गाची ही पद्धत ब्रूस फिशर या अमेरिकी मानसतज्ज्ञांनी १९७०च्या दशकात रुळवली. त्यांचीच शंभर प्रश्नांची प्रश्नावली आमच्याकडून सुरुवातीला एकदा आणि शेवटी एकदा भरून घेतली. स्वतःची किंमत, जुन्या जोडीदारातला गुंता, राग, शोक, लोकांवरचा विश्वास असे तिचे वेगवेगळे भाग आहेत.

पहिलं कौतुक नाव नोंदवण्याच्या पद्धतीचं. प्रवेशाआधी प्रत्येकाशी चाळीस मिनिटं वेगळं बोलणं झालं. झोप किती, औषधं कोणती, घरी किंवा बाहेर कोणाची भीती आहे का, समोरचा माणूस धमकावतो का. नैराश्याची नऊ प्रश्नांची एक चाचणी असते, दवाखान्यांतून वापरतात तीच. तिचा नववा प्रश्न मरणाच्या विचारांबद्दल असतो. तो प्रश्न मॅडमनी घाईघाईत वाचून उरकला नाही. विचारला आणि थांबल्या. तसे विचार येत असतील तर आधी स्वतंत्र उपचार, गट नंतर, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. तपासणी न करता व्यायाम सुरू करणाऱ्यांवर माझा विश्वास नाही, त्यामुळे इथे माझं मन निम्मं तयार झालं.

दुसऱ्या आठवड्यात वर्तुळं आली. आर्थर आरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२मध्ये नात्यातली जवळीक मोजायला अगदी साधं चित्र काढलं. वर्तुळांच्या सात जोड्या, पहिलीत दोन वर्तुळं सुटी आणि सातवीत जवळजवळ एकमेकांवर चढलेली. एक वर्तुळ म्हणजे मी, दुसरं म्हणजे तो. आम्हाला तीनदा निवडायचं होतं : लग्नाच्या पहिल्या वर्षी कोणती जोडी, शेवटच्या वर्षी कोणती, आज कोणती. पहिल्या वर्षाला मी सहावी दिली, शेवटच्या वर्षाला दुसरी. आजचं सांगताना सहज पहिली म्हणणार होते. मोठ्या मॅडम म्हणाल्या, "आजचा दिवस सकाळपासून आठवा आणि मग सांगा."

सकाळी मी खिडकी उघडी असलेल्या खोलीत गारठून उठले होते. त्याला खिडकी बंद लागायची, म्हणून गेले आठ महिने मी ती रात्रभर सताड उघडी ठेवत होते. केस कापले होते, कारण त्याला लांब आवडायचे. आखूड केस मला आवडतात का, हे मी स्वतःला विचारलंच नव्हतं. दिवसभरातले सहा-सात निर्णय मोजले. त्यातले चार त्याला विचारून घेतल्यासारखेच होते, फक्त उत्तर उलटं. मी पाचवी जोडी निवडली. कागदावर घटस्फोट झालेल्या बाईने.

या एका तासासाठीसुद्धा मी हा गट कोणालाही सुचवेन. त्याच्या उलट वागणं म्हणजे मोकळं होणं, असं मी समजत होते. मध्यभागी तोच होता.

प्लास्टर निघाल्यावर माणूस चालताना सारखा खाली पावलाकडे बघतो. पाऊल तेच असतं, पण ते कुठे पडतंय याचा आतून येणारा अंदाज गेलेला असतो. तो पुन्हा कमवावा लागतो. मांडीचा स्नायू काही आठवड्यांतच बारीक झालेला असतो आणि सगळा भार चांगल्या पायावर टाकायची सवय लागते. मग चांगला पायही दुखायला लागतो. माझा चांगला पाय म्हणजे काम. मुलगी नसायची त्या आठवड्यात मी शेवटचा पेशंट गेल्यावरही क्लिनिकमध्ये बसून राहायचे, इतरांचे पेशंट मागून घ्यायचे. सगळ्यांना वाटायचं, किती सावरली आहे.

एरिका स्लॉटर, वेंडी गार्डनर आणि एली फिंकेल यांचं २०१०चं संशोधन मॅडमनी सोप्या शब्दांत सांगितलं. नातं तुटलं की माणसाच्या मनातली स्वतःची कल्पना आक्रसते आणि धूसर होते. ती जितकी धूसर, तितका त्रास जास्त. ते ऐकताना मला आधार वाटला. मी त्याच्यासाठी झुरत नव्हते, तरी तुटत होते. का, ते कोणीतरी नेमकं बोट ठेवून दाखवलं.

तिसऱ्या आठवड्यातला प्रसंग छोटा आहे, पण तो माझ्यासोबत राहिला. ओळखीच्या खेळात मी म्हणाले, "आम्हाला गर्दी आवडत नाही." धाकट्या मॅडमनी हळूच विचारलं, "आम्हाला म्हणजे कोणाला?" मला उत्तर देता आलं नाही. त्या आठवड्याचा गृहपाठ होता, दिवसात किती वेळा 'आम्ही' म्हणता ते मोजा. पहिल्या दिवशी माझे अकरा झाले, मुलीला धरून बोललेले वगळून. आपल्या भाषेत 'आपण' आणि 'आम्ही' वेगळे आहेत. 'आपण'मध्ये समोरचा धरलेला असतो, 'आम्ही'मध्ये नसतो. 'आपण जाऊया का' असं म्हणायला घरात कोणी उरलं नव्हतं. ज्यातला दुसरा माणूस निघून गेला होता ते 'आम्ही' मात्र तोंडात तसंच होतं. ग्रेस लार्सन आणि डेव्हिड स्बारा यांनी २०१५मध्ये नुकतं नातं तुटलेल्या तरुणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नऊ आठवड्यांत पुन्हा पुन्हा येऊन त्याबद्दल बोलणाऱ्यांच्या तोंडचं असं अनेकवचन कमी झालं आणि 'मी कोण' याचा गोंधळही निवळला. ती लग्न न झालेली तरुण मुलं होती, माझं लग्न चौदा वर्षांचं. तुलना पूर्ण जुळत नाही. पण दहाव्या आठवड्यात माझे दिवसाचे 'आम्ही' दोनवर आले होते, एवढं माझ्या वहीत आहे.

आता जे चुकलं ते.

चौथ्या आठवड्यात सगळ्यांना सरसकट लिहायचा गृहपाठ दिला. जेम्स पेनबेकर यांच्या १९८६च्या प्रयोगातून आलेली ही पद्धत : सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, मनातलं सगळं आडपडदा न ठेवता लिहायचं. अनेकांना याचा फायदा होतो. माझं चार दिवसांवर थांबलं नाही. पंधरा मिनिटांची चाळीस झाली, चार दिवसांचे तीन आठवडे. तेच भांडण, तेच वाक्य, मी काय बोलायला हवं होतं ते. गायीचा रवंथ एका वेळी संपतो, माझा रात्री दोनपर्यंत चालायचा. झोप गेली. एका पेशंटचा डावा गुडघा सोडून मी उजवा तपासायला घेतला, तेव्हा घाबरले आणि सत्रात बोलले.

मोठ्या मॅडमनी ऐकून घेतलं आणि चूक मान्य केली. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण चूक मान्य करणारे तज्ज्ञ कमी भेटतात. त्यांनी सांगितलं की स्बारा आणि सहकाऱ्यांनी २०१३मध्ये नुकतेच विभक्त झालेल्यांवर नेमकं हेच तपासलं होतं. तेच तेच घोळवत बसायची सवय असलेल्यांना भावना उकरून लिहिण्याचा उपयोग झाला नाही. उलट दिवसभरात काय काय केलं एवढंच कोरडं लिहिणारे नंतर बऱ्या स्थितीत होते. मग माझं लेखन बदललं. 'सव्वासातला उठले. गादी झटकली. आठ पेशंट. येताना पायी आले.' भावनेचा एक शब्दही नाही. दहा दिवसांत झोप परत आली. पण कोणाला कोणता गृहपाठ झेपेल हे आधी विचारायला हवं होतं. प्रवेशाच्या वेळी चाळीस मिनिटं होती, त्यात दोन प्रश्न पुरले असते. गुडघा न बघता सगळ्यांना एकच व्यायाम कोणी देत नाही.

दुसरी तक्रार पायऱ्यांच्या चित्राची. नकार, राग, सौदा, खिन्नता, स्वीकार अशा पाच पायऱ्यांचा जिना पडद्यावर दाखवला. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९मध्ये हे मांडलं ते मरणाच्या दारातल्या रुग्णांशी बोलून. तो घटस्फोटितांचा जिना नव्हे, आणि कोणी तो क्रमाने चढावा असंही नाही. आमच्या गटात साठी ओलांडलेल्या एक काकू होत्या, बत्तीस वर्षांच्या संसारानंतर वेगळ्या झालेल्या. ते चित्र बघून त्या म्हणाल्या, "म्हणजे मी अजून दुसऱ्याच पायरीवर." पुढच्या सत्राला त्या आल्याच नाहीत. धाकट्या मॅडमनी फोन करून परत आणलं, पण तो आठवडा त्यांचा वाया गेला आणि मनाला लागलं ते वेगळंच.

मेसेजच्या ग्रुपबद्दल थोडक्यात. रात्री एक वाजता कोणीतरी जुन्या जोडीदाराचा आलेला मेसेज टाकायचं आणि तीन जण जागे व्हायचे. पहिले पाच आठवडे त्याला काही नियम नव्हता. तक्रारीनंतर रात्री नऊला ग्रुप बंद व्हायला लागला. हे पहिल्या दिवसापासून हवं.

सहावा आठवडा मला सगळ्यात जास्त आवडला. पॉल बोहॅनन या मानववंशशास्त्रज्ञांनी १९७०मध्ये लिहिलं की घटस्फोट एक नसतो, सहा असतात : भावनेचा, कायद्याचा, पैशाचा, मुलांच्या पालकत्वाचा, गोतावळ्याचा आणि शेवटचा मनाचा, म्हणजे दुसऱ्याच्या व्यक्तिमत्त्वापासून आपण पुन्हा वेगळं होणं. सहा रकाने करून प्रत्येकात तारीख लिहायची होती. माझा भावनेचा घटस्फोट कायद्याच्या घटस्फोटाच्या तीन वर्षं आधी झाला होता. त्याचा बहुधा अजून व्हायचा होता. आम्ही दोघं एकाच दिवशी एकाच कागदावर सही करत होतो तेव्हा तो सुरुवातीला होता आणि मी शेवटाजवळ. त्याचा राग मला क्रूरपणा वाटला होता. त्या रकान्यांकडे बघताना तो मला पहिल्यांदा उशिरा पोचलेल्या माणसासारखा दिसला. गोतावळ्याचा रकाना भरताना सगळेच रडले. सासूबाई मला दर रविवारी फोन करायच्या. त्यांच्यापासून मी कधी घटस्फोट मागितला नव्हता. सहावा रकाना नऊच्या नऊ जणांचा कोरा राहिला.

याच सत्रात निर्णय घेणाऱ्यांच्या दुःखाबद्दल बोलणं झालं. रॉबर्ट वाइस यांनी १९७५मध्येच नोंदवलं होतं की प्रेम ओसरल्यावरही ओढ टिकते, ज्याने सोडलं त्याचीसुद्धा. आणि केनेथ डोका यांनी १९८९मध्ये अशा शोकाबद्दल लिहिलं, जो करण्याचा हक्क समाज माणसाला देतच नाही. गटात आम्ही दोघंच 'सोडणारे' होतो, मी आणि एक अबोल दादा. ते त्या दिवशी पहिल्यांदा तीन मिनिटं सलग बोलले. सोडून दिल्या गेलेल्या सात जणांनी ते शांतपणे ऐकून घेतलं, कोणी मध्ये तोडलं नाही. हे घडवून आणणं सोपं नाही. दोन्ही मॅडमचं खरं कसब मला तिथे दिसलं.

सातव्या आठवड्यात चार मिनिटं स्वतःच्या घटस्फोटाबद्दल बोलून रेकॉर्ड करायचं आणि दोन दिवसांनी ऐकायचं. स्बारा, स्मिथ आणि मेल यांच्या २०१२च्या अभ्यासात अशीच चार मिनिटांची ध्वनिमुद्रणं होती. ज्यांच्या बोलण्यात स्वतःबद्दल माया होती, त्यांना नऊ महिन्यांनंतरही नकोशा आठवणींचा त्रास कमी होता. मी माझं ऐकलं. 'मला कळायला हवं होतं' हे पाच वेळा. 'मुलीचं नुकसान मी केलं' तीन वेळा. पडून खुबा मोडलेल्या आजीला 'तुम्हाला चालता यायला हवं होतं' असं मी आयुष्यात म्हणालेली नाही. रेकॉर्डिंग बंद करून मी बराच वेळ अंधारात बसून राहिले. मग पुन्हा चार मिनिटं बोलले, समोर पेशंट आहे असं धरून. आवाजच वेगळा निघाला.

आठव्यापासून सुरू झालेल्या चाचण्यांनी मला सगळ्यात जास्त हात दिला. एक गोष्ट निवडायची, तीनदा करायची, आधी आणि नंतर दोन ओळी लिहायच्या आणि तोवर मत बनवायचं नाही. गर्दी : मोठ्या सभागृहातल्या गाण्याच्या कार्यक्रमाला गेले, तिन्ही वेळा मध्यंतरापर्यंत मजा आली, नंतर थकवा. खिडकी : अर्धी उघडी मला आवडते. केस : वाढवते आहे. पहाटे उठणं ही त्याची सवय, म्हणून मी ती हट्टाने मोडली होती. तीन पहाटा उठून बघितल्या आणि कळलं, ती मला हवी आहे. तो घड्याळात किंवा रिमोटमध्ये नवा सेल घातला की त्यावर बारीक अक्षरात तारीख लिहायचा. वेगळं झाल्यावर मी ते बंद केलं होतं. आता पुन्हा लिहिते. चौदा वर्षांत त्याच्याकडून आलेलं सगळं परत करायला हवं असं कुठे आहे?

पालकत्वाला एकच सत्र, तेही घाईत. गटात पाच जणांना मुलं होती. मूल नसलेल्या आठवड्यात घरात कसं वावरायचं, मूल परतल्यावर पहिल्या तासात त्याला प्रश्न विचारायचे की नाही, यावर निदान दोन सत्रं हवीत. मला जे सुचलं ते मुलीनेच शिकवलं : "आई, आल्या आल्या काही विचारू नकोस, मी आधी नुसती बसते." रागाचं सत्र ठीक होतं. नव्या नात्यांबद्दलचं मला तेव्हा नको होतं, म्हणून त्यावर मत देत नाही.

शेवटी शंभर प्रश्न पुन्हा भरले. गुंत्याच्या भागात सगळ्यात मोठा फरक, शोकात बरा, लोकांवरच्या विश्वासात जवळजवळ काहीच नाही. यातलं किती गटामुळे आणि किती नुसत्या दिवसांमुळे, हे माझ्या एकटीच्या आकड्यांवरून कोणी सांगू शकणार नाही. हाड दिवसांनी जुळतंच, पण पाय वाकवायला व्यायाम लागतो, एवढा माझा रोजचा अनुभव आहे. पाच महिन्यांनंतरची स्थिती अशी : झोप टिकून आहे. क्लिनिकमधून वेळेवर निघते. मुलगी नसते त्या आठवड्यातला बुधवार अजून जड जातो. आजोबा आता काठीवर जिना उतरतात, आणि ते मी बहिणीला फोन करून सांगितलं.

कोणी जावं? ज्यांची कोर्टाची धावपळ संपली आहे किंवा संपत आली आहे, जे कामाला जातात, बोलतात, हसतात आणि तरी घरी आल्यावर स्वतःला अनोळखी वाटतात, त्यांनी नक्की जावं. ज्यांना रोज रात्री भीती वाटते, ज्यांचा पाठलाग होतो, ज्यांना जगणं नकोसं झालंय, त्यांनी कृपा करून गटाची वाट पाहू नये. आधी डॉक्टर, आधी सुरक्षितता. तेच तेच घोळवायची सवय असेल तर पहिल्याच दिवशी सांगून टाका आणि लिहिण्याचा गृहपाठ बदलून मागा.

आडनावाचं काय करायचं, हे मी नवव्या आठवड्यात विचारलं होतं. चौदा वर्षं पेशंट मला त्या नावाने ओळखतात, दारावरची पाटी त्याच नावाची, मुलीचंही तेच. मॅडमनी सल्ला दिला नाही. प्रत्येक नाव एकेक आठवडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून बघा, म्हणाल्या. दोन्ही लिहून झाली. पुढच्या महिन्यात पाठपुराव्याचं सत्र आहे, तिथे सांगायला अजून उत्तर नाही.